पात्यामागचा पारा

अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात ट्रकच्या तोंडाशी बर्फ हटवणारं रुंद पोलादी पातं बसवतात, आणि बाहेर कडाक्याची थंडी असताना डॅशबोर्डवरचा बाहेरच्या तापमानाचा आकडा मात्र चढा दिसू लागतो. सेन्सर बिघडला म्हणावं, तर पातं उतरवून ट्रक जरा वेगात नेला की तोच सेन्सर ताळ्यावर येतो. खोट आहे ती जागेची. सेन्सर बहुधा पुढच्या जाळीपाशी असतो. पात्यानं वारा अडवला की इंजिनाची ऊब तिथंच घुटमळते. दोन-चार अंशांनी काय बिघडतं, असं कुणी विचारेल. शून्याच्या आसपास फार बिघडतं! नुसता ओला वाटलेला रस्ता गोठलेला निघतो. शिवाय साधारण उणे 9 अंश सेल्सिअसखाली साधं मीठ बर्फ वितळवायला फार वेळ घेतं. म्हणून मीठ टाकणाऱ्यानं रस्त्याचाच पृष्ठभाग मोजणाऱ्या इन्फ्रारेड सेन्सरवर भिस्त ठेवावी.