वगाला रात्र पुरत नाही



१९५७ आणि १९९० साली राष्ट्रपती पुरस्काराचा मान मिळवणाऱ्या विठाबाईंच्या नारायणगावात स्वागत समितीच्या वतीने तमासगिरांचं स्वागत करायला उभं राहताना ऊर भरून येतो.

यात्रांचा हंगाम जवळ आला की इथे तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात. दारातल्या फळ्यावर लिहिलेलं असतं, कोणत्या तिथीला फड मोकळा आहे. माझे आजोबा आमच्या यात्रेचे पंच होते. सुपारी द्यायला येताना मला सोबत आणत. पैशांचं बोलणं नंतर, आधी तमाशातल्या नाट्याचं विचारत, "वग कोणता लावणार?" आता आम्ही कारभारी विचारतो, "गाणी कोणती? लाइट किती?" हा बदल फडांनी नाही, आम्ही केला, हे यजमान म्हणून मला कबूल केलं पाहिजे.

वग आटण्याचं दुसरं कारण घड्याळाचं. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी होईस्तोवर मध्यरात्र उलटायची आणि मग वग उजाडेपर्यंत चालायचा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावरचे कर्णे बंद झाले. नियम वाईट नाही. गावात आजारी माणसं असतात, परीक्षेची पोरं असतात. पण लोक जेवूनखाऊन नऊला येणार, मग कात्री वगालाच लागते. सोंगाड्याला हशा पिकवायला वेळ लागतो, तो तासाभरात कसा मिळणार? चौफुल्याच्या, मोडनिंबच्या थिएटरांत संगीतबारीची बैठक छपराखाली तरी आहे. फडाला आभाळाखालीच उभं राहावं लागतं. त्यात कोरोनामुळे २०२० आणि २०२१ ला यात्राच भरल्या नाहीत. उचल दिलेले मालक कर्जात गेले, उचल घेतलेले कलावंत मजुरीला.

फडमालकांना माझी एक विनंती आहे. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा खेळ असतोच. कुस्त्यांच्या आधीचे ते तीन-चार तास वगाला द्या. दिवसाउजेडी, मांडी घालून बसलेल्या गावासमोर. सुपारी घेतानाच तसं ठरवून घ्या. आमच्या गावापुरता शब्द मी आजच देतो.

आजचा वग पाचला सुरू होईल, पूर्ण होईल. मंडपामागे हलग्या शेकायला काटक्या पेटल्या आहेत. चामडं ताणलं की आवाज इथवर येईलच. वगाच्या आधी दुपारची पंगत. पहिल्या पंगतीला कलावंत बसतील, वाढायला आम्ही पंचमंडळी आहोत.