शाळेत बसविले, पण सामावून घेतले काय?
(पालकांच्या सभेत केलेले भाषण)



काही महिन्यांपूर्वी एक गृहस्थ आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलाला कमी ऐकू येते. मधल्या सुट्टीत काही मुले त्याच्या कानातील यंत्र काढून घेत, ते एकमेकांकडे फेकीत आणि "बहिऱ्या" म्हणून हसत. गाऱ्हाणे नेले तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "मुले आहेत, थट्टा करणारच. जमत नसेल तर त्याला मूकबधिरांच्या शाळेत घाला."

ज्यांच्या आजोबांना वर्गाबाहेर गोणपाटावर बसून शिकावे लागले, त्यांना या उत्तराचा अर्थ समजावून सांगावयास नको. त्याही वेळी छळणाऱ्याला कोणी शाळा सोड म्हणत नसे, सोसणाऱ्यालाच म्हणत.

कायदा काय म्हणतो ते ऐका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याच्या कलम ३१ प्रमाणे चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलास जवळच्या शाळेत अथवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. यांतील कोणती शाळा निवडावी, हा अधिकार मुलाचा आहे, मुख्याध्यापकाचा नव्हे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम १७ ने शाळेत कोणत्याही मुलाचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे. आणि २०१६ च्या अधिनियमाचे कलम ९२ लोकांदेखत अपंग व्यक्तीचा हेतुपुरस्सर पाणउतारा करणाऱ्यास सहा महिने ते पाच वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते. या कलमाची भाषा आपल्या परिचयाची आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जवळजवळ हेच शब्द आहेत. अपमान हा अपमानच, मग तो जातीवरून होवो की शरीरावरून.

तथापि दहा-बारा वर्षांच्या मुलांना कोर्टात खेचावे, असे माझे म्हणणे नाही. मुलांना सुधारावयाचे असते. जाब विचारावयाचा तो डोळेझाक करणाऱ्या मोठ्यांना. म्हणून तक्रार तोंडी करू नका. अर्ज लिहा, त्यावर तारीख घाला आणि पोच घ्या. शाळेने दाद दिली नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा; त्यानंतर पुण्यास दिव्यांग आयुक्तांकडे. मारहाण वा छळ होत असेल, तर कलम ७ अन्वये कार्यकारी दंडाधिकाऱ्यास कोणीही खबर देऊ शकतो. बापच हवा असे नाही.

आता एक कटू गोष्ट सांगतो. यंत्र फेकणाऱ्या त्या मुलांपैकी दोघे आपल्याच वस्तीतील होते. "लंगड्या", "तोतऱ्या", "येड्या" या हाका त्यांना शाळेने शिकविल्या नाहीत. त्या त्यांनी आपल्या ओट्यावर ऐकल्या. नावे ठेवली की माणूस किती खचतो, हे आपल्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? तरीही तेच हत्यार आपण आपल्या मुलांच्या हाती देत असू, तर आपण कशापासून मुक्त झालो?

तो मुलगा अजून त्याच शाळेत जातो. अर्ज दिलेला आहे, आणि आम्ही त्याचा पाठपुरावा करीत आहोत. तुम्ही मात्र आज रात्री जेवताना आपल्या मुलाला एवढेच विचारा, "तुझ्या वर्गात एकटे कोण बसते?" आणि उद्या त्याला त्या बाकावर बसावयास सांगा.