प्रोस्टेटची बायोप्सी : भीती आणि वस्तुस्थिती

(गणेशोत्सवातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा संक्षेप)



आरतीनंतर आवर्जून थांबलात, त्याबद्दल आभार. आजचा विषय चारचौघांत काढायला संकोच वाटावा असा आहे. पण याच संकोचापायी रिपोर्ट कपाटात ठेवून वर्ष काढणारी माणसं आम्हा पॅथॉलॉजिस्टना भेटतात, म्हणून आज मोकळेपणानं बोलू.

आपल्यापैकी अनेक जण भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. पोलाद कसं उतरलं, हे नुसतं वरून बघून ठरत नाही. नमुना प्रयोगशाळेत जातो आणि घासून, सूक्ष्मदर्शकाखाली त्याचा पोत पाहिला जातो. प्रोस्टेटच्या कॅन्सरचं निदानही असंच नमुन्यावर होतं.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वयानुसार ती वाढते आणि लघवीचा त्रास सुरू होतो. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. उलट, कॅन्सर सुरुवातीला बहुधा काहीच त्रास देत नाही. रक्तातली पीएसए तपासणी फक्त इशारा देते. साधी वाढ, जंतुसंसर्ग, लघवी तुंबणं यांनीही पीएसए वाढतो. पाश्चात्त्य देशांतल्या अनुभवानुसार हा आकडा ४ ते १० असणाऱ्या चार पुरुषांपैकी साधारण एकालाच बायोप्सीत कॅन्सर सापडतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावर घाबरू नका आणि त्याच्याकडे दुर्लक्षही करू नका.

अलीकडे शक्य तिथे आधी एमआरआय करतात. संशयाची जागा दिसली, तर तिथून आणि ग्रंथीच्या इतर भागांतून बारीक सुईनं नमुने घेतात. पद्धतशीर बायोप्सीत साधारण १२ नमुने असतात. सुई गुदद्वारातून किंवा त्यापुढच्या त्वचेतून घालतात. दुसऱ्या पद्धतीत जंतुसंसर्गाचा धोका कमी. जागा बधिर करून हे काम थोड्या वेळात होतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा. नंतर काही दिवस लघवीत आणि काही आठवडे वीर्यात रक्त दिसू शकतं. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर मात्र ताबडतोब रुग्णालय गाठा.

“सुई लावली की कॅन्सर पसरतो” असं हमखास ऐकू येतं. प्रोस्टेटच्या बाबतीत सुईच्या वाटेनं कॅन्सर पसरणं अत्यंत विरळा. या भीतीनं निदान लांबवण्यात धोका कितीतरी जास्त आहे.

नमुने आमच्याकडे फॉर्मेलिनमध्ये येतात. मेणाच्या ठोकळ्यात बसवून त्यांचे मिलिमीटरच्या साधारण अडीचशेव्या भागाएवढे पातळ काप काढतात आणि रंगवतात. निरोगी प्रोस्टेटच्या सूक्ष्म ग्रंथींना पेशींचे दोन थर असतात. नेहमीच्या कॅन्सरमध्ये बाहेरचा थर नाहीसा होतो. शंका राहिली, तर विशेष रंगद्रव्यांनी तो थर शोधतो. म्हणून कधी कधी रिपोर्टला दोन-चार दिवस जास्त लागतात.

अमेरिकेतल्या मिनियापोलिसचे पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली ग्रंथींच्या रचनेवरून कॅन्सरची प्रत ठरवण्याची पद्धत मांडली. आज बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ही बेरीज ६ ते १० असते. ‘दहापैकी सहा’ वाचून माणूस हबकतो. पण सहा ही सर्वांत सौम्य पायरी आहे! हा गोंधळ टाळण्यासाठी २०१४ साली तज्ज्ञांनी १ ते ५ असे गट ठरवले. बेरीज ६ म्हणजे गट १. ३+४ म्हणजे गट २, आणि ४+३ म्हणजे गट ३. बेरीज सातच, पण दुसऱ्यात आक्रमक भाग जास्त. ८ म्हणजे गट ४, तर ९ आणि १० म्हणजे गट ५.

गट १ मध्ये बहुतेकांना लगेच शस्त्रक्रिया लागत नाही. नियमित पीएसए, एमआरआय आणि गरजेनुसार पुन्हा बायोप्सी करत लक्ष ठेवता येतं. ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच मर्यादित कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचा अभ्यास झाला. काहींवर फक्त देखरेख ठेवली, काहींची शस्त्रक्रिया झाली, काहींना रेडिएशन दिलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पंधरा वर्षांनंतर तिन्ही गटांत या कॅन्सरनं दगावलेले सुमारे तीन टक्केच होते. गट ४ आणि ५ मध्ये मात्र वेळ दवडू नये.

बायोप्सीत कॅन्सर सापडला नाही, तरी पाठपुरावा सोडू नका. सुई ग्रंथीचा थोडासाच भाग आणते.

आपण परप्रांतात राहणारी माणसं. उपचारासाठी कुणी मुलाकडे पुण्याला जातो, कुणी मुंबईला टाटा हॉस्पिटलात. जाताना रिपोर्टच्या कागदाबरोबर काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ठोकळेही मागून न्या. त्यावरून दुसरा पॅथॉलॉजिस्ट स्वतः पाहून मत देऊ शकतो. बऱ्याचदा पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

भगिनींनो, घरातले काका-आजोबा रात्री तीनदा उठत असतील, तर “वय झालं” म्हणून सोडून देऊ नका, तपासायला न्या. आणि पुरुष मंडळींनो, रिपोर्ट आला की तो बायकोला दाखवा, मुलांना सांगा. पुढचा निर्णय एकट्यानं घेण्यासारखा नसतो.

गणपती बाप्पा मोरया!