श्वासाचा राखणदार

श्रोतेहो, आपल्या योगशास्त्रात एक हिशेब मांडून ठेवला आहे. माणूस दिवसरात्रीत 21,600 श्वास घेतो, म्हणजे मिनिटाला पंधरा. आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हं'. जीव न बोलता जप करतो, म्हणून तो अजपाजप. तुम्ही झोपा, भांडा, बाजारात बांगड्याचा भाव करा, जप चालूच. फुकट मिळतोय ना, म्हणून किंमत नाही!

आता इस्पितळातल्या खाटेवरचा जीव बघा. त्याचा जप तांब्याच्या नळीतून येतो. ती नळी भिंतीत शिरते आणि मागच्या अंगाला एका खोलीत पोचते. तिथे काळ्या अंगाचे, पांढऱ्या खांद्याचे सिलिंडर दोन रांगांत उभे असतात. एक रांग चालू, दुसरी तयार. सिलिंडरात दीडशे बारच्या आसपास दाब, तो उतरवून नळीत चारच्या आसपास सोडायचा. त्या काट्यावर नजर ठेवून असतो तो फिटर. आपल्या रत्नागिरीचा खारा वारा लोखंड खातो, हे तुमच्या खिडकीचे गज सांगतील. म्हणून हा जोडाजोडाला साबणाचं पाणी लावून बघतो. बुडबुडा आला, की समजायचं गळती आहे.

इतर यंत्रांना तेल लागतं. प्राणवायूच्या जोडाला तेला-ग्रीसचा थेंबही चालत नाही, दाबाखाली पेट घेतो. म्हणून पंपाचं काम करून आला, की हा आधी हात धुतो, स्वच्छ पाना घेतो, मगच व्हॉल्व्हला हात लावतो. आता हे सोवळं नाही तर काय? आमचं सोवळं मोडलं तर फार तर पुन्हा आंघोळ करू.

21 एप्रिल 2021 आठवतो? नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली. आवारात पांढरं धुकं पसरलं आणि आत नळीतला दाब उतरला. किमान 22 जीव गेले. वायू अंगणात होता हो, छातीत नव्हता.

एका फिटरने मला विचारलं, "बुवा, आषाढीला माझी रात्रपाळी असते. पाऊस, त्यात वीज गेली की जनरेटरकडे धावायचं. विठ्ठलमंदिरात येणं होत नाही. माझी एकादशी बुडाली का?"

मी त्याला पुंडलिकाचं सांगितलं. देव दारात आला आणि हा आईबापांचे पाय चेपतोय. उठला नाही. वीट फेकली, म्हणाला, थांब जरा. देव रागावला का? अठ्ठावीस युगं उभाच आहे! म्हटलं, "बाबा रे, तूही वीटच फेकलीस. देव थांबेल. तू काटा सोडू नकोस."

आपल्या कोकणात गावाला राखणदार असतो. रात्री शिवेवरून फिरतो म्हणतात. कोणी पाहिलेला नाही, पण त्याचा वर्षाचा नारळ कोणी चुकवत नाही. इस्पितळातून माणूस बरा होऊन निघाला, की डॉक्टरांना पेढे, सिस्टरांना पेढे. द्या, द्यायलाच हवेत. तुमचा माणूस तिथे असेतो त्या मागच्या खोलीच्या आडोशाला विडी मात्र पेटवू नका. आणि निघताना एक पेढा तिकडेही नेऊन द्या. त्याने तो लगेच खाल्ला नाही, तर रागावू नका; तुपकट हात त्याला चालत नाहीत.