बँकेतून सचिवालयात: वैकुंठभाई मेहता आणि कोकणातले कूळ

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत गावच्या बँकेचा अध्यक्षच राज्याच्या विधिमंडळात जाऊन बसे, त्याचे कुणाला नवल नसे. मुंबई इलाख्यातला असा ठळक माणूस म्हणजे वैकुंठभाई मेहता. त्यांचे वडील सर लल्लूभाई सामळदास आणि सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी 1911 साली मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक काढली. वैकुंठभाई ऐन तारुण्यात तिथे रुजू झाले आणि तीस वर्षांहून अधिक काळ तिचा कारभार त्यांनी पाहिला. 1946 साली बाळासाहेब खेरांच्या, म्हणजे रत्नागिरीत जन्मलेल्या मुख्यमंत्र्यांच्या, मंत्रिमंडळात अर्थ आणि सहकार ही खाती त्यांच्याकडे आली. माझे म्हणणे एवढेच की, बँकेला जे जमले नाही ते राजकारणालाच करावे लागणार होते, आणि याचा पुरावा खेड तालुक्यातल्या लोटे गावात बसून शोधणे सर्वांत सोपे आहे.

1904 च्या सहकारी पतसंस्था कायद्याने दहा जणांना सोसायटी काढता येई. पण गावच्या सोसायटीत जबाबदारी अमर्याद. एकाचे कर्ज थकून सोसायटी बुडाली, तर बाकीच्यांच्या मालमत्तेवर टाच. नीरा कालव्यावरच्या ऊसवाल्याला हे परवडले, कारण जमीन त्याच्या नावावर आणि पीक पाण्याच्या भरवशाचे. खेड-चिपळूणच्या कुळाने तारण काय द्यावे? उभ्या भाताची अभावणी, म्हणजे पिकाचा अंदाज, गावचा सारा वसूल करणारा खोत करणार, अर्धेलीत निम्मे धान्य त्याच्या घरी जाणार. वहिवाटीचा हक्कही खोताच्या संमतीवाचून सहसा दुसऱ्याला देता येत नसे. त्यामुळे इथली खरी पतपेढी म्हणजे मुंबईच्या गिरणगावातून येणारी मनीऑर्डर होती. डॉ. आंबेडकरांनी 1937 साली खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, ते पतपुरवठ्याचेही विधेयक होते असे मी म्हणेन.

यावर कुणी म्हणेल, 1948 चा कूळकायदा आणि 1949 चा खोती निर्मूलन कायदा खेर सरकारचे खरे, पण महसूल खाते मोरारजी देसाईंचे. वैकुंठभाईंना श्रेय कशाला? श्रेय मी देतच नाही. उलट, बँक निघून चाळीस वर्षे झाल्यावर, 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम 3 टक्के निघाला आणि सावकारांचा 70 टक्क्यांच्या आसपास. सचोटीचा, कसलेला बँकर असूनही ही गत, म्हणजे उणीव माणसात नव्हती.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: सहकार हे पुढाऱ्यांचे कुरण झाले, त्याची वाट बँकवाला मंत्री झाला तिथूनच फुटली. हे मला पटत नाही. वैकुंठभाई आयुष्यभर हिशेब तपासून मग मंत्री झाले. पुढे अनेकांनी बँकेची खुर्ची विधानसभेची पायरी म्हणून वापरली. दिशाच उलटी. 1960 साली सहकारी पतपुरवठ्यावरच्या समितीचे अध्यक्ष म्हणून अहवाल देतानाही ते अवाढव्य सोसायट्यांच्या मोहात पडले नाहीत. सभासद एकमेकांना ओळखतील एवढीच सोसायटी असावी, याकडेच त्यांचा कल राहिला. कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांत तेवढी सोसायटी पोटापुरता धंदा करील का, हा प्रश्न मात्र त्या अहवालाने सुटला नाही.