पाटी आणि कळफलक



टॅब्लेट हे यंत्र आता आपल्या घरांतून अपरिचित राहिलेले नाही. नातवंडे त्यावर चित्रे पाहतात, आजोबा वर्तमानपत्र वाचतात. परंतु या यंत्राचा एक उंची प्रकार असा आहे की, त्याला कळफलक जोडता येतो आणि काम आटोपताच तो सोडवून बाजूला ठेवता येतो. विक्रेता सांगतो, हे एक घेतले म्हणजे पाटी आली, पुस्तक आले आणि टंकलेखनाचे यंत्रही आले. रोजच्या कामांच्या कसोटीला हा दावा कितपत उतरतो, याचा विचार आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

कल्पना तशी जुनी आहे. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन शास्त्रज्ञाने आपल्या एका निबंधात ‘डायनाबुक’ नावाच्या यंत्राचे वर्णन केले. ते वहीसारखे कोठेही नेता यावे, मुलांनाही हाताळता यावे, अशी त्याची अपेक्षा होती. आणि त्याच्या आराखड्यात पडद्याबरोबर कळफलकही होता. २०१० साली ॲपल कंपनीचे आयपॅड आले, ते मात्र लोकांनी मुख्यतः वाचण्यापाहण्यासाठी उचलले. २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सरफेस हे यंत्र आणले. त्याचे झाकण हाच त्याचा कळफलक होता आणि तो लोहचुंबकाने चिकटत असे. २०१५ मध्ये आयपॅड प्रोही त्याच वाटेने गेले. वगळलेल्या कळा पुन्हा का आणाव्या लागल्या?

याचे उत्तर आपल्या हातांच्या व डोळ्यांच्या सवयीत आहे. काचेवर उमटणाऱ्या कळा बोटांना जाणवत नाहीत. म्हणून नजर सारखी खाली जाते. शिवाय यंत्र आडवे धरले असता त्या कळा पडद्याचा जवळजवळ अर्धा भाग व्यापतात आणि लिहिलेला मजकूर उरलेल्या पट्टीत कोंबला जातो. दोन ओळींचा निरोप अशा रीतीने लिहिता येतो. दोन पानांचे पत्र लिहिताना मनुष्य कंटाळतो आणि लिहिणेच टाळतो. खरा कळफलक जोडताच पूर्ण पान डोळ्यांसमोर राहते व बोटे आपल्या जागा आपण शोधतात.

आता रोजची कामे घेऊ. वाचन, बँकेचा हिशेब पाहणे, विजेचे बिल भरणे, परगावच्या मुलीशी समोरासमोर बोलणे या कामांना कळफलक लागत नाही. तो काढून ठेवणेच सुखाचे. कागदाचे छायाचित्र घेऊन पाठविणे किंवा लेखणीने त्यावर सही करणे, ही कामे तर लॅपटॉपपेक्षा टॅब्लेटवर अधिक सुकर होतात. पत्रव्यवहार, संस्थेच्या सभेचे इतिवृत्त, घरखर्चाचा तक्ता यांसाठी मात्र कळफलक हवाच. मागे टेकू असलेले यंत्र मांडीवर डगमगते. आपल्याकडील बैठा चौरंग त्याला उत्तम आधार देतो.

काही मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. २०२४ सालच्या तेरा इंची आयपॅड प्रोचे वजन ५७९ ग्रॅम आहे. परंतु त्याच कंपनीचा कळफलक जोडला की एकूण भार सव्वा किलोच्या आसपास जातो. हलक्या लॅपटॉपचे वजनही साधारण इतकेच असते. कर सल्लागारांना लागणारी डिजिटल सहीची यूएसबी कळ विंडोज यंत्रावर चालते, आयपॅडवर बहुधा चालत नाही. ज्याचे काम अशा गोष्टींवर अवलंबून आहे, त्याने सरफेससारखे विंडोजवर चालणारे यंत्र घ्यावे, नाहीतर सरळ लॅपटॉपच घ्यावा. किंमतही थोडीथोडकी नाही. उंची टॅब्लेट व त्याचा कळफलक मिळून खर्च सहज लाखाच्या पुढे जातो, आणि कळफलक बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो. ज्याला एवढा खर्च परवडत नाही, त्याने साध्या टॅब्लेटला एकदोन हजारांचा बिनतारी कळफलक जोडला तरी पत्रलेखनाचे काम भागते.

परंतु आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अद्याप राहिला. लिहावयाचे, ते कोणत्या लिपीत? या कळफलकांवर बहुधा रोमन अक्षरेच छापलेली असतात, आणि म्हणून आपली मुले ‘कसे आहात’ हे देखील इंग्रजी अक्षरांत लिहितात. तसे करण्याचे वास्तविक कारण नाही. भारतीय लिप्यांसाठी ‘इनस्क्रिप्ट’ नावाची मांडणी आहे. १९९१ सालच्या भारतीय मानकात तिचा समावेश झालेला आहे आणि विंडोजमध्ये ती मराठीसाठी उपलब्ध आहे. तिची रचना आपल्या वर्णमालेला धरून आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’, ‘ग’ची दाबली की ‘घ’. आपला ‘ळ’ देखील ‘ल’च्याच कळेवर बसलेला आहे. कळांवर देवनागरी अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावाव्यात आणि रोज थोडा सराव करावा. काही आठवड्यांत त्या पट्ट्यांकडे पाहण्याची गरज कमी होते.

या मांडणीचा आणखी एक गुण बेळगाव, बडोदे व हैदराबाद येथील श्रोत्यांना विशेष मोलाचा वाटेल. ज्या कळेवर मराठी ‘क’ आहे, त्याच कळेवर कन्नड, गुजराती आणि तेलुगू ‘क’ही आहे. घरची भाषा लिहिण्यासाठी बोटांना जे वळण लावले, तेच वळण गावची भाषा लिहिण्यासही उपयोगी पडते. दोन भाषांत वाढणाऱ्या आपल्या मुलांना याहून अधिक सोयीचे साधन कोणते?

म्हणून माझी सूचना इतकीच की, यंत्र घेण्यापूर्वी त्याचा पातळपणा व चकाकी पाहून भुलू नये. दुकानातच कळफलक जोडण्यास सांगावे आणि त्यावर मराठीत चार ओळी लिहून पाहाव्यात. जोडाक्षरे नीट उमटतात का, ‘ऱ्या’ लिहिता येतो का, बोटे अवघडतात का, हे तेथेच कळेल. ही परीक्षा जे यंत्र उतरेल तेच आपल्या कामाचे.

कळफलक काढून ठेवला की आपण वाचक व प्रेक्षक असतो. तो जोडला की लेखक होतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांत मराठी ऐकणारे पुष्कळ आहेत, वाचणारे त्याहून कमी आणि लिहिणारे फारच थोडे. हे उंची यंत्र घरात आलेच, तर त्याच्या कळा धूळ खात पडू देऊ नयेत. आठवड्यातून एक पत्र आपल्या भाषेत, आपल्या लिपीत लिहिले गेले, तर त्या यंत्राचा खर्च सार्थकी लागला असे खुशाल समजावे.