एकट्याने चालवलेले पत्र

(संस्थेच्या वतीने किल्लारी येथे घेण्यात आलेल्या विद्यार्थी मेळाव्यातील व्याख्यान)



मी काही व्यासंगी वक्ता नाही. बँकेत कारकून आहे. दिवसभर लोकांच्या स्लिपा तपासायच्या आणि संध्याकाळी रोकड जुळवून घरी जायचे, हे माझे काम. नांदेडच्या विद्यापीठातून कला शाखेची पदवी घेतली आणि वाचनाची गोडी तेवढी टिकून राहिली. तरीही कार्यकारिणीने मला आज बोलण्याची आज्ञा केली, त्याला एक कारण घडले. आपल्या अभ्यासिकेतील काही मुलामुलींनी मला विचारले, "काका, आम्हालाही लिहावेसे वाटते. पण लोकांनी ते वाचावे, पुढच्या वेळची वाट पाहावी, असे लिहायचे तर काय करावे लागते?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर एका वाक्यात देता येणार नाही. म्हणून ज्यांनी हे काम एकट्याच्या बळावर करून दाखवले त्यांच्याकडे आधी जाऊ आणि मग आपल्या गावाकडे येऊ.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मुंबईहून 'मूकनायक' हे पाक्षिक सुरू केले. त्या वेळी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते, त्यामुळे संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचे नाव होते, परंतु लेखणी बाबासाहेबांची होती. राजर्षी शाहू महाराजांनी या कार्यासाठी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले. या पत्राची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापण्यास 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणजे जन्माआधीच दार बंद झाले होते. तरीही पत्र निघाले. पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला अशा मनोऱ्याची उपमा दिली, ज्याला मजले आहेत पण एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला शिडी नाही. मित्रहो, अर्थशास्त्राचा एवढा मोठा विद्वान, पण त्याने गिरणी कामगाराला आणि खेड्यातल्या माणसाला समजेल असे एक चित्र निवडले. वाचक कोण आहे हे ज्याला माहीत असते, तोच असे लिहू शकतो.

जुलै १९२० मध्ये बाबासाहेब उर्वरित शिक्षणासाठी लंडनला गेले आणि १९२३ मध्ये 'मूकनायक' बंद पडले. पण बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ रोजी झाला आणि अवघ्या दोन आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. या वेळी संपादक ते स्वतःच होते. जवळ पगारी लेखक नाही, मदतनीस नाही. अंकाचे चोवीस-चोवीस रकाने एकट्याने लिहून काढण्याची पाळी त्यांच्यावर येई. त्याच काळात वकिली चालू होती, चळवळ चालू होती, मुंबईच्या कायदे मंडळातील काम होते. ज्याला 'वेळ मिळत नाही' असे म्हणावयाचे असेल त्याने हे चोवीस रकाने एकदा आठवून पाहावेत. हे पत्रही १९२९ मध्ये थांबले. पुढे १९३० मध्ये 'जनता' आले आणि ४ फेब्रुवारी १९५६ रोजी 'जनता'चेच 'प्रबुद्ध भारत' झाले. एक पत्र बंद पडले म्हणून लिहिणे बंद पडले असे कधी झाले नाही.

कोणी म्हणेल, बाबासाहेब ते बाबासाहेब, आणि मुंबई ती मुंबई. आमच्यासारख्या खेड्यातल्या माणसाने काय करावे? त्यांच्यासाठी तरवडीचे उदाहरण देतो. तरवडी हे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यातले एक लहानसे गाव. तेथून मुकुंदराव पाटील या सत्यशोधक विचारांच्या माणसाने 'दीनमित्र' हे साप्ताहिक चालवले. १९१० मध्ये त्यांनी ते हाती घेतले आणि १९६७ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे ५७ वर्षे, सोडले नाही. पुण्या-मुंबईच्या विद्वानांची नक्कल त्यांनी केली नाही. शेतकऱ्याचे कर्ज, कुलकर्ण्याची दप्तरे, गावातले धार्मिक शोषण, हे रोज डोळ्यांसमोर दिसणारे विषय त्यांनी लिहिले. खेड्यातला वाचक त्यांच्यापाशी टिकला तो यामुळेच.

आणि आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण हवे असेल तर डॉ. गंगाधर पानतावणे सरांचे 'अस्मितादर्श' घ्या. १९६० च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, हे त्रैमासिक निघू लागले. २०१८ मध्ये सर गेले, तोपर्यंत त्यांनी ते पोटच्या लेकराप्रमाणे सांभाळले. त्यांचे वैशिष्ट्य असे की, ते केवळ स्वतः लिहीत बसले नाहीत. लेखक-वाचक मेळावे भरवून त्यांनी कालच्या वाचकाला उद्याचा लेखक केले. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच अक्षर आले होते, अशा कितीतरी तरुणांचे पहिले छापील पान 'अस्मितादर्श'चे आहे.

बंधू-भगिनींनो, आता आपल्या गावाकडे येतो. हे सगळे मी किल्लारीत का सांगतो आहे?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झाले, ते या सभेतील पन्नाशीच्या पुढच्या माणसांना सांगावे लागत नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मिळून सुमारे दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी आपली घरे होती. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच माळवद झोपलेल्या माणसांवर आले. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली, त्यात आपले गावही होते. त्या काळात देशभरातून पत्रकार आले, परदेशातून आले, फोटो निघाले, रकाने भरले. काही महिन्यांनी ते सगळे परत गेले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, ज्याचे त्याचे काम असते. परंतु त्यांनी लिहिले ते बाहेरून पाहिलेले किल्लारी होते. आतले किल्लारी अजून बऱ्याच अंशी बोलण्यातच आहे. आणि बोलणारी माणसे एकेक करून कमी होत आहेत.

मी तेव्हा शाळेत होतो. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना आम्ही चार-पाच मुले ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे अर्ज लिहून देत असू. एका आजीच्या मालकाचे नाव यादीत चुकीचे आले होते. गावात हाक मारायचे नाव वेगळे आणि कागदावरचे वेगळे, त्यामुळे गोंधळ झालेला. आजी म्हणाली, "लेकरा, पहिल्यांदा त्यांचं नाव नीट लिही बाबा. मग माझं काय लिहायचं ते लिही." तिने सांगितले तसे मी लिहिले: पिंपळाजवळचे घर, दोन खण, घरात माणसे पाच, वाचली दोन. एक ओळही फुगवलेली नव्हती. तो अर्ज वाचल्यावर समोरच्या साहेबांनी आजीला दुसरा प्रश्न विचारला नाही. लिखाण म्हणजे काय, हे मला त्या दिवशी जेवढे कळले तेवढे पुढे पदवीच्या पुस्तकांतूनही कळले नाही.

म्हणून विद्यार्थ्यांना माझे सांगणे असे आहे की, प्रत्येकाने आपले स्वतःचे एक पत्र काढावे. एक पानाचे असले तरी चालेल. वहीत लिहा, झेरॉक्स काढून दहा घरी द्या, विहाराच्या फळ्यावर लावा, नाही तर मोबाइलवरून पाठवा. साधन कोणतेही असो, पत्र तुमचे असले पाहिजे आणि ते चालले पाहिजे. ते चालण्यासाठी काही गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात.

पहिली गोष्ट, वार ठरवा. पौर्णिमा ठरवा, महिन्याचा पहिला रविवार ठरवा, पण ठरलेला दिवस चुकवू नका. बँकेत रोजचा हिशेब रोज बंद होतो, उद्यावर टाकला की फरक सापडत नाही. वाचकाचेही तसेच आहे. तुम्ही दोनदा चुकलात की तिसऱ्यांदा तो वाट पाहत नाही. झेपेल तेवढेच ठरवा. दर आठवड्याला चार पाने लिहून तीन महिन्यांत थकण्यापेक्षा दर महिन्याला एक पान दहा वर्षे लिहिणे हिताचे आहे.

दुसरी गोष्ट, विषय जवळचा घ्या. जगातील सर्व प्रश्नांवर मत देणारे पुष्कळ आहेत. परंतु जुन्या किल्लारीतला आपला वाडा कसा होता, पाणी कोठून आणावे लागे, जात्यावर कोणत्या ओव्या म्हटल्या जात, नवीन गावात घरे वाटली गेली तेव्हा शेजार कसा बदलला, सोयाबीन आल्यापासून ज्वारीचे काय झाले, हे तुमच्याशिवाय कोण लिहिणार? एक वर्षभर एकच विषय धरला तरी बारा पाने होतात, आणि बारा पानांची एक पुस्तिका होते.

तिसरी गोष्ट, लिहिण्यापूर्वी खात्री करा. भूकंपानंतर अफवांनी आपल्याला किती रात्री उघड्यावर झोपवले ते मोठ्यांना विचारा. एखादी घटना दोन माणसांना विचारून मगच कागदावर घ्यावी. सन, ठिकाण, नाव अचूक असावे. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की, केवळ ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, म्हणून मानू नका. लिहिणाऱ्याने हा उपदेश पहिल्यांदा स्वतःला लावावा. आणि दुसऱ्याचे दुःख लिहिताना त्याची परवानगी घ्यावी. तो नको म्हणाला तर पान कोरे राहिले तरी चालेल.

चौथी गोष्ट, पैशाची. चळवळीतली बहुतेक पत्रे वर्गणीदार अपुरे पडल्याने अडचणीत आली. म्हणून खर्च आपल्या खिशाला पेलेल एवढाच ठेवा. दहा प्रतींनी सुरुवात करा. देणगीदाराच्या भरवशावर काढलेल्या पत्रात उद्या देणगीदाराचा सत्कारच छापावा लागतो, हे विसरू नका.

पाचवी गोष्ट, वाचकाचे उत्तर जपा. कोणी म्हणाले, "हे असे नव्हते, मी तेथे होतो," तर रागावू नका. त्याचे म्हणणे पुढच्या अंकात त्याच्या नावाने छापा. तुमच्या पत्राला खरा वाचक मिळाला त्याची ती खूण आहे. किती जणांनी वाचले हे मोजत बसू नये. ज्या एका घरात तुमचे पान घडी करून ठेवले जाते, ते घर मोलाचे.

आणि शेवटची गोष्ट, अंकाला क्रमांक घाला, तारीख घाला आणि एक प्रत नीट ठेवा. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणूनच १९९० मध्ये महाराष्ट्र शासनाला ते एकत्र ग्रंथरूपाने प्रसिद्ध करता आले. ज्यांनी ते अंक पेटीत सांभाळले त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत, पण त्यांचे उपकार मोठे आहेत.

आपल्या मुलींना मला वेगळे सांगायचे आहे. "आमची भाषा शुद्ध नाही, आम्ही काय लिहिणार?" असे तुम्ही म्हणता. फलटणच्या बेबीताई कांबळे किराणा दुकान चालवीत. दुकानात बसल्या बसल्या त्यांनी लिहिले आणि घरच्यांच्या नजरेस पडू नये म्हणून कित्येक वर्षे लपवून ठेवले. त्यातून 'जिणं आमुचं' हे पुस्तक १९८६ मध्ये आले आणि आज ते इंग्रजीतूनही वाचले जाते. त्यांनी पुस्तकी भाषेची वाट पाहिली असती तर ते जिणे त्यांच्याबरोबरच गेले असते. शान्ताबाई कांबळे शिक्षिका होत्या. त्यांनी नोकरीतून निवृत्त झाल्यावर आपली कहाणी लिहिली. म्हणजे वय आडवे येत नाही आणि भाषाही आडवी येत नाही. तुमच्या आजीची भाषा जशी आहे तशी कागदावर येऊ द्या. तिच्यासाठी शुद्धलेखनाचा नियम नंतर पाहता येईल.

संस्थेला माझी नम्र विनंती आहे की, अभ्यासिकेत एक कपाट या पत्रांसाठी राखून ठेवावे. जो विद्यार्थी सलग बारा अंक काढील त्याचे अंक संस्थेने शिवून घ्यावेत आणि पुढच्या स्मरणिकेत त्यातील एक पान छापावे. कपाटाचा आणि शिलाईचा पहिल्या वर्षीचा खर्च मी देतो. ज्येष्ठांनाही विनंती आहे की, एखादे लेकरू वही घेऊन दारात आले तर "जुन्या गोष्टी कशाला उकरता" असे म्हणून त्याला परत पाठवू नका. चहा द्या, बसवून घ्या आणि जमेल तेवढे सांगा. नाही जमले तर तसे सांगा, ते पुन्हा येईल.

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्या समाजातील एका माणसाने चोवीस रकाने लिहून काढले. आपल्याला एकच पान लिहायचे आहे. तेवढे आपल्याच्याने नक्की होईल. पहिला अंक निघाला की मला एक प्रत बँकेत आणून द्या, काउंटरवर गर्दी असली तरी मी ती घेईन.



जयभीम! नमो बुद्धाय!